मिनीडीव्ही आणि हाय-८ कॅसेटी संगणकावर: प्रकल्प नोंदी

ठिकाण: महाल, नागपूर. काम: एका घरातल्या जुन्या हॅंडीकॅम कॅसेटी संगणकावर उतरवणं आणि त्यातून पाहण्याजोग्या फिल्म कापून काढणं. कॅसेटींत लग्नं, मुंजी, शाळेची गॅदरिंग, मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या) मिरवणुका.

४ मे: छाननी

एकूण ४३ कॅसेटी. मिनीडीव्ही ३१, आठ मिलिमीटरच्या १२. मिनीडीव्हीची फीत ६.३५ मिलिमीटर रुंद, म्हणजे पाव इंच. कॅसेट काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, ओळखायला अडचण नाही. घोळ होतो तो आठ मिलिमीटरच्या कॅसेटींत. व्हिडिओ-८, हाय-८ आणि डिजिटल-८ या तिन्हींचं कवच सारखंच. डिजिटल-८ चा कॅमेरा हाय-८ च्याच कॅसेटवर डिजिटल रेकॉर्डिंग करतो, त्यामुळे वर 'हाय-८' छापलेलं असलं तरी आत ॲनालॉग आहे की डिजिटल हे लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

कवचावरचे आकडेही नीट वाचावेत. 'पी५-९०' म्हणजे पॅल (आपल्याकडच्या टीव्ही-चित्राच्या) पद्धतीत ९० मिनिटं. तीच कॅसेट डिजिटल-८ मध्ये वापरली तर ६० मिनिटंच भरते, कारण फीत जास्त वेगाने पळते. 'पी६-१२०' हा आकडा एनटीएससीचा, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीचा. पण म्हणून रेकॉर्डिंग एनटीएससीचंच असेल असं नाही. अमेरिकेहून येताना कोणी कोरी कॅसेट आणली आणि इथल्या पॅल कॅमेऱ्यात वापरली, असं सर्रास व्हायचं.

मशीनमध्ये घालण्याआधी प्रत्येक कॅसेटची कळ लॉक केली. मिनीडीव्हीत ती 'सेव्ह'कडे सरकवायची. आठ मिलिमीटरमध्ये लाल भाग दिसेल अशी ठेवायची. जुन्या कॅमेऱ्यांची बटणं कधीकधी आपोआप दाबली जातात, आणि रेकॉर्ड बटणाखाली गेलेलं लग्न परत येत नाही.

मग खिडकीतून फितीचं बंडल पाहिलं. फीत एकसारखी काळी, चकचकीत हवी. दोन आठ मिलिमीटरच्या कॅसेटींत बंडलाच्या कडेला पांढुरकी धूळ दिसली. ती बुरशी. त्या वेगळ्या पिशवीत बंद केल्या, वर तांबडी चिठ्ठी. बुरशीची कॅसेट एकदा मशीनमध्ये गेली की तिचे कण हेडवर (फीत वाचणाऱ्या टोकावर) बसतात आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागतात.

डिस्कचा हिशेब: मिनीडीव्ही तासाला सुमारे १३ जीबी. ३१ तासांचे ४०० जीबी, आठ मिलिमीटरच्या जास्तीत जास्त २३५. एक टीबीच्या दोन डिस्क लागतील, एक कामाची, एक प्रतीची. फॉरमॅट एनटीएफएस किंवा ईएक्सटी४. एफएटी३२ अजिबात नको, ४ जीबीला फाइल अडते आणि एवढ्यात वीस मिनिटंही मावत नाहीत.

७ मे: फायरवायर का

मिनीडीव्हीच्या फितीवर चित्र आधीच आकड्यांत आहे. फायरवायर म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडायची जुनी डिजिटल जोडणी, तिच्यातून ते आकडे जसेच्या तसे संगणकावर येतात. त्यात कुठलंही रूपांतर नाही, म्हणून दर्जा घटण्याचा प्रश्नच नाही. बाजारात स्वस्त यूएसबी कॅप्चर स्टिक मिळते, पिवळी-पांढरी-लाल पिन लावायची. तिच्यात हेच आकडे आधी ॲनालॉग होतात, मग पुन्हा डिजिटल. रंगांच्या कडा पसरतात, आवाज हळूहळू मागे पडतो, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक फ्रेमसोबत नोंदलेली तारीख-वेळ गळून पडते. मिनीडीव्हीसाठी ती स्टिक वापरणं म्हणजे घरात मूळ सातबारा असताना त्याची झेरॉक्सची झेरॉक्स जपून ठेवणं.

बऱ्याच हॅंडीकॅमना यूएसबीचंही भोक असतं. बहुतेक मॉडेलमध्ये ते मेमरी कार्डावरचे फोटो घ्यायला किंवा वेबकॅमच्या दर्जाचं चित्र पाठवायला. यूएसबी २ वरून पूर्ण डीव्ही (फितीवरचा मूळ डिजिटल व्हिडिओ) पाठवणारी मॉडेल होती, पण मोजकी. आपल्याकडच्या दोन्ही मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत ती सोय नाही.

आणि एक गोष्ट ठळक: एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी साधी केबल ऑनलाइन विकली जाते. ती चालत नाही. दोन्हींची भाषाच वेगळी, मध्ये चिप नसलेल्या तारेने ती जुळत नाही. तिच्यावर पैसे घालू नयेत.

कार्ड: पीसीआय एक्सप्रेसच्या छोट्या खोबणीत बसणारं, व्हीआयए व्हीटी६३१५ चिपचं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं मिळालं तरी उत्तम. सीताबर्डीत नवं शोधत फिरण्यापेक्षा जुने ऑफिसचे पीसी विकणाऱ्यांकडे विचारलेलं बरं. २००५ ते २०१० च्या काळातल्या कित्येक मदरबोर्डवर फायरवायर मुळातच असायचं, आणि तसा अख्खा पीसी कधीकधी नुसत्या कार्डाच्या भावात पडतो. लॅपटॉपवाल्यांनी बाजूला चार पिनांचं 'आय-लिंक' भोक असलेला जुना लॅपटॉप पाहावा.

९ मे: केबल

कॅमेऱ्याकडे चार पिना, कार्डाकडे सहा. लांबी साडेचार मीटरच्या आत.

सहा पिनांच्या भोकातून वीजही येते, ३० व्होल्टपर्यंत. चार पिनांच्या टोकात विजेची तार नसते, पण संगणकाकडचं भोक ढिलं झालेलं असेल आणि प्लग उलटा घुसला, तर तोच दाब डेटाच्या तारांवर जातो आणि कॅमेऱ्याचं पोर्ट जळतं. पोर्ट जळलेला कॅमेरा चित्र दाखवतो, बटणं चालतात, फक्त संगणकाला तो कधीच दिसत नाही. जुन्या बाजारातला कॅमेरा घेताना म्हणून 'चालू आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नये, फायरवायरने जोडून दाखवा म्हणावं.

क्रम ठरवला तो असा: संगणक बंद, कॅमेरा बंद. आधी सहा पिनांचं टोक, प्लगची निमुळती बाजू डोळ्यांनी पाहून. मग चार पिनांचं. मग संगणक सुरू, शेवटी कॅमेरा, 'व्हीसीआर' किंवा 'प्ले' स्थितीत. काढताना उलटा क्रम.

कॅमेरा ॲडॅप्टरवरच चालवायचा. जुन्या बॅटऱ्या फुगलेल्या असतात, त्या काढून टाकल्या. संगणक आणि कॅमेरा दोन्ही यूपीएसवर. लाइट गेली आणि फीत ड्रमभोवती (हेड बसवलेल्या फिरत्या दंडगोलाभोवती) गुंडाळलेली असतानाच कॅमेरा बंद पडला, तर कॅसेट आत अडकते.

१२ मे: कुठली सिस्टिम

मॅक: मॅकओएस २६ पासून ॲपलने फायरवायरचा आधारच काढून टाकला. ज्यांच्याकडे जुना मॅक आहे त्यांनी तो अपडेट न करता या कामापुरता बाजूला ठेवावा.

विंडोज: विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने जुना 'लेगसी' १३९४ (म्हणजे फायरवायरचा) ड्रायव्हर सिस्टिममधून वगळला आणि वेगळा डाउनलोड म्हणून दिला. कॅमेरा दिसत नसेल किंवा दिसून गायब होत असेल तर तो टाकून पाहावा. सॉफ्टवेअर विनडीव्ही. जुनं आहे, पण अगदी छोटं आणि मुकाट काम करणारं. त्यात फाइलचा प्रकार टाइप-२, 'दर इतक्या फ्रेमला एक' हा आकडा १, आणि फाइलची कमाल मर्यादा ९०,००० फ्रेमपेक्षा बरीच जास्त. पॅलच्या एका तासात बरोबर ९०,००० फ्रेम असतात, मर्यादा कमी ठेवली तर फाइल मध्येच तुटते.

लिनक्स: इथे ड्रायव्हरची कटकट नाही. डीव्हीग्रॅब हा कमांडवर चालणारा प्रोग्रॅम. युजर 'व्हिडिओ' गटात असावा लागतो, नाहीतर कॅमेरा जोडलेला असूनही परवानगी नाकारली जाते. पर्याय: फॉरमॅट 'रॉ' (कच्चा), आकारमर्यादा शून्य (न दिल्यास तो दर १०२४ एमबीला नवी फाइल करतो), ऑटोस्प्लिट आणि टाइमस्टँप. ऑटोस्प्लिटमुळे जिथे शूटिंग थांबून पुन्हा सुरू झालं तिथे नवी फाइल होते. टाइमस्टँपमुळे शूटिंगची तारीख-वेळ फाइलच्या नावात येते.

लिनक्स ठरलं. चित्र उतरवण्याचं काम आणि एडिटिंगचं काम एकाच संगणकावर व्हायला हवं असं काही नाही. जुना पीसी फक्त कॅसेट पिण्यासाठी.

१३ मे: पहिली कॅसेट, आणि तपासण्याची रीत

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कॅसेटचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात, ताण सैल झालेला असतो. म्हणून प्रत्येक कॅसेट आधी शेवटपर्यंत पुढे पळवायची, पुन्हा सुरुवातीला आणायची, मगच लावायची. पळवताना कुरकुर ऐकू आली तर लगेच थांबायचं.

डीव्हीचा प्रवाह थांबत नाही आणि मागे वळून पाहत नाही. संगणकाने एक फ्रेम घ्यायची राहिली तर कॅमेरा ती परत पाठवत नाही. त्यामुळे उतरवताना डिस्कची झोप बंद, अँटिव्हायरस बंद, अपडेट बंद, फाइल आतल्या डिस्कवर. यूएसबी डिस्कवर नंतर नेता येते.

तपासणी सोपी आहे. पॅल डीव्हीची प्रत्येक फ्रेम बरोबर १,४४,००० बाइट. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ३६ लाख बाइट. कच्च्या फाइलचा आकार १,४४,००० ने भागायचा. बाकी शून्य आली पाहिजे आणि भागाकार म्हणजे फ्रेमची संख्या. बाकी उरली तर शेवटची फ्रेम अर्धवट लिहिली गेली आहे. एनटीएससीची फ्रेम १,२०,००० बाइटची, त्यामुळे परदेशातून आलेली कॅसेट इथेच पकडली जाते.

पहिली कॅसेट (शाळेची गॅदरिंग) स्वच्छ उतरली.

१७ मे: चित्रात आडव्या पट्ट्या

लग्नाच्या कॅसेटमध्ये चित्राचे आडवे पट्टे. एक पट्टा हलतो, त्याखालचा गोठलेला, पुन्हा एक हलतो. वधूचं कपाळ आत्ताचं, डोळे दोन सेकंदांपूर्वीचे, हनुवटी पुन्हा आत्ताची.

कॅसेट खराब आहे असं समजून बाजूला टाकायची ही वेळ नाही. पट्ट्या मोजल्या. बारा, प्रत्येकी ४८ ओळींच्या. इथेच निदान आहे. पॅलमध्ये एक फ्रेम फितीवर १२ तिरक्या ट्रॅकमध्ये लिहिली जाते आणि एक ट्रॅक म्हणजे चित्राची ४८ ओळींची एक आडवी पट्टी. ५७६ भागिले १२. ड्रमवर हेड दोन, ते आळीपाळीने एकेक ट्रॅक वाचतात. १२ सम असल्याने प्रत्येक फ्रेममध्ये त्याच पट्ट्या त्याच हेडच्या वाट्याला येतात. एक हेड चोंदलं की सहा पट्ट्या मेल्या, सहा जिवंत. फितीचा दोष असता तर चौकोन कुठेही, वेडेवाकडे उमटले असते.

उपाय: कोरडी क्लीनिंग कॅसेट, दहा सेकंद प्ले, बाहेर. ती खरवडूनच साफ करते, त्यामुळे रोज लावायची वस्तू नव्हे. पुन्हा पाहिलं, चार पट्ट्या अजून अडकत होत्या. पुन्हा दहा सेकंद. मग साफ.

क्लीनिंग कॅसेटनेही भागलं नाही तर हाताने. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, हरणाच्या चामड्याचा किंवा धागे न सुटणाऱ्या कापडाचा तुकडा. कानात घालायचा कापसाचा बोळा नको, त्याचा एक तंतू हेडच्या टोकाला अडकला की हेड गेलं. कापड ड्रमला टेकवून स्थिर धरायचं आणि ड्रम वरच्या कडेने बोटाने हळू फिरवायचा. वर-खाली कधीही घासायचं नाही. हेड ड्रमच्या परिघावरून केसाएवढं बाहेर आलेलं असतं, उभ्या दाबाने ते तुटतं. मेडिकलमधलं जखमेचं स्पिरिट यासाठी नको, त्यातलं पाणी आणि इतर द्रव्यं मागे थर सोडतात.

२५ मे: नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस)

काम सकाळी सहा ते दहा. दुपारी कॅमेरा बंद. बहुतेक हॅंडीकॅमच्या मॅन्युअलमध्ये वापराची मर्यादा ४० अंश दिलेली असते, आणि वरच्या मजल्यावरची खोली ती सहज ओलांडते.

उन्हापेक्षा त्रास कूलरचा. कॅमेरा रात्री एसीच्या खोलीत होता, सकाळी कूलरच्या खोलीत आणला, लावताच पडद्यावर 'सी:२१' आणि कॅसेट नाकारली. सोनीच्या कॅमेऱ्यात हा कोड आत दव जमल्याचा. कारण साधं आहे: कूलरच्या खोलीत ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २४ अंशांच्या आसपास येतो. २२ अंशांवर थंड झालेल्या धातूच्या ड्रमवर मग पाणी धरणारच. ओल्या ड्रमला फीत चिकटते आणि गुंडाळली जाते, म्हणून कॅमेरा स्वतःहून थांबतो, आणि ते बरंच आहे. कॅसेट बाहेर, झाकण उघडं, तासभर तसाच. हेअर ड्रायर लावायचा मोह टाळावा.

यापुढे कॅमेरा आणि कॅसेटी ज्या खोलीत काम त्याच खोलीत मुक्कामाला. कूलर कामाच्या वेळी नुसत्या पंख्यावर, पाण्याची मोटर बंद.

इतर कोड, माहितीसाठी: सी:२२ हेड घाण, सी:३१ आणि सी:३२ आतल्या यंत्रणेची अडचण. शेवटच्या दोहोंत कॅसेट काढून घ्यायची, वीज तोडायची, पुन्हा जोडून पाहायचं. कॅसेट निघत नसेल तर चिमट्याने ओढू नये.

२८ मे: एलपीच्या कॅसेटी

तीन मिनीडीव्ही कॅसेटी ९० मिनिटांच्या निघाल्या. म्हणजे एलपी, फीत हळू पळवून जास्त वेळ भरलेली. एसपीत (नेहमीच्या वेगात) ट्रॅकची रुंदी १० मायक्रॉन, एलपीत ६.६७. कॅमेऱ्या-कॅमेऱ्यांत हेडच्या जुळणीचा जो बारीक फरक असतो तो १० मायक्रॉनला खपून जातो, ६.६७ ला खपत नाही. त्यामुळे एलपीची कॅसेट बऱ्याचदा ज्या कॅमेऱ्यात भरली त्यातच धड चालते.

एक आपल्याकडच्या दुसऱ्या कॅमेऱ्यात बरी चालली. दोन दोन्हींत चौकोन चौकोन. मूळ कॅमेरा नात्यात कोणाला दिला गेला होता, त्याची चौकशी चालू. पैसे देऊन दुसरीकडे उतरवण्याआधी तो सापडणं जास्त मोलाचं.

३ जून: दोन वेळा उतरवून एक करणं

मुंजीच्या कॅसेटमध्ये मधूनमधून चौकोन, दर वेळी वेगवेगळ्या जागी. अशा कॅसेटसाठी डीव्हीरेस्क्यू हा प्रोग्रॅम. फितीवरचा तुकडा वाचता आला नाही तर कॅमेरा मागच्या फ्रेममधला तुकडा तिथे डकवतो, पण तसं केल्याची खूण डेटात सोडतो. डीव्हीरेस्क्यू ती खूण वाचतो. तीच कॅसेट दोन-तीनदा उतरवली की प्रत्येक प्रतीतले खरे वाचलेले तुकडे निवडून तो एक फाइल बांधतो. दुसऱ्या फेरीआधी हेड साफ करायचं, नाहीतर तीच चूक तशीच उतरते. मुंज जवळजवळ निर्मळ झाली. यासाठी ऑटोस्प्लिट बंद ठेवून सलग एक फाइल घ्यावी, जुळवणी सोपी जाते.

१० जून: हाय-८

आठ मिलिमीटरच्या चांगल्या दहांपैकी चार डिजिटल-८ निघाल्या. त्या मिनीडीव्हीसारख्याच उतरल्या, डेटा तोच.

उरलेल्या सहा ॲनालॉग. यांच्यासाठी डिजिटल-८ चा असा कॅमेरा हवा जो जुनं ॲनालॉगही वाजवतो. सगळी मॉडेल ते करत नाहीत, मॅन्युअलमध्ये पाहूनच घ्यावा. आपला करतो. मग ॲनालॉग फीत कॅमेऱ्यातच डीव्ही होते आणि फायरवायरने बाहेर येते. मेनूत टीबीसी चालू ठेवलं, त्याने उभ्या रेषांचं थरथरणं जातं. डीएनआर बंद ठेवलं. ते दाणे पुसताना हलणाऱ्या चेहऱ्यांमागे सावल्या सोडतं, आणि दाणे नंतर हवे तेवढे संगणकावर पुसता येतात.

ॲनालॉग कॅसेटमध्ये डीव्हीसारखी शूटिंगची तारीख मिळाली नाही, असली तर चित्रातच छापलेली. त्यामुळे ऑटोस्प्लिटचा उपयोग नाही, कॅसेटला एक फाइल. चित्राच्या तळाशी आठ-दहा ओळी फाटक्या दिसतात, तो हेड बदलण्याचा सांधा. टीव्हीवर तो पूर्वी चौकटीमागे लपायचा. फितीचा दोष नव्हे, शेवटी कापायचा.

१८ जून

पाऊस लागला. उतरवून झालेल्या कॅसेटी हवाबंद डब्यात, सिलिका जेलसकट, उभ्या. काकांनी विचारलं, आता या टाकून द्यायच्या का. नाही. डिस्क दगा देते, फीत अजून पंधरा वर्षांनीही एकदा वाजू शकते.

२२ जून: नावं आणि तारखा

कॅसेटवरच्या चिठ्ठीपेक्षा फितीतली तारीख जास्त खरी, पण तीही आंधळेपणाने घेऊ नये. कॅमेऱ्याच्या घड्याळाचा सेल संपलेला असेल तर सगळं शूटिंग एक जानेवारीला झालेलं दिसतं.

एका कॅसेटची चिठ्ठी: 'मारबत २००४'. फाइलच्या नावात तारीख: २८ ऑगस्ट २००३. कोणाचं खरं? मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि पोळा श्रावण अमावास्येला. २००३ मध्ये ती अमावास्या २७ ऑगस्टला होती, म्हणजे मारबत २८ ला. २००४ मध्ये अधिक श्रावण आला, त्यामुळे पोळा सरकून १४ सप्टेंबरला गेला. म्हणजे घड्याळ बरोबर आणि चिठ्ठी चूक. बहुधा नंतर कधीतरी अंदाजाने लिहिलेली. सणाच्या शूटिंगला पंचांगाइतका पक्का साक्षीदार नाही.

या एकाच तपासाने त्या कॅमेऱ्याच्या त्या वर्षाच्या सगळ्या फाइलींची तारीख पक्की झाली, लग्नांचीसुद्धा.

फाइलींची मूळ नावं बदलली नाहीत. फोल्डरला नाव दिलं: कॅसेटचा क्रमांक, प्रसंग. तोच क्रमांक कॅसेटच्या कवचावर न पुसणाऱ्या पेनाने. फितीच्या खिडकीवर किंवा झडपेवर चिठ्ठी डकवायची नाही, उन्हाळ्यात गोंद सुटतो आणि चिठ्ठी मशीनमध्ये राहते.

२९ जून: एडिटिंगची तयारी

कच्च्या डीव्ही फाइलींना हात लावायचा नाही. त्या 'फक्त वाचन' केल्या.

डीव्हीचं चित्र ७२० बाय ५७६, इंटरलेस, सेकंदाला ५० अर्धी चित्रं, खालची ओळ आधी. संगणकाच्या पडद्यावर हलत्या हाताला कंगव्यासारखे दाते दिसतात ते यामुळे. डीइंटरलेस करताना (अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं बनवताना) बहुतेक जण २५ फ्रेम ठेवतात आणि निम्मी हालचाल फेकून देतात. ५० ची ५० ठेवावीत. एफएफएमपेग या प्रोग्रॅमचा बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर ते आपोआप करतो. सवड असेल तर क्यूटीजीएमसी ही दुसरी रीत आणखी सुबक, पण फार संथ. 'वरची ओळ आधी' असं चुकून सांगितलं गेलं तर चालणारा माणूस एक पाऊल पुढे, अर्धं मागे असा झटके देत चालतो. ते दिसलं की आधी हीच सेटिंग पाहायची.

आकार: दोन्ही बाजूंनी आठ-आठ ठिपके (पिक्सेल) कापून ७०४, मग ते ७६८ बाय ५७६ ला ताणायचं. नुसतं ७२० ठेवलं तर माणसं बारीक दिसतात. रुंद पडद्याचं (१६:९) शूटिंग असेल तर १०२४ बाय ५७६.

कामाची प्रत प्रोरेस या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये, ५० फ्रेम. जागा कच्च्या फाइलीच्या तिप्पटीच्या आसपास लागते, म्हणून ज्या कॅसेटचं एडिटिंग चालू तिचीच करायची. केडनलाइव्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट प्रोफाइल स्वतः बनवली: ७६८ बाय ५७६, ५० फ्रेम, प्रोग्रेसिव्ह, चौकोनी ठिपके.

आवाज: काही कॅसेटी १२ बिट, ३२ किलोहर्ट्झवर भरलेल्या, काही १६ बिट, ४८ वर, आणि एकीत मध्येच बदल. बदलाच्या जागी फाइल तोडून दोन्ही भाग ४८ वर आणले, नाहीतर पुढचा सगळा आवाज चित्रापासून सुटतो. घरगुती डीव्हीत आवाजाचं घड्याळ चित्राशी घट्ट बांधलेलं नसतं. त्यामुळे तासाभराचा आवाज वेगळा काढून नंतर चिकटवायचा घाट घालू नये, शेवटी ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

२ जुलै: मारबत

पिवळी मारबत, काळी मारबत, बडगे (सगळे मिरवणुकीतले पुतळे), इतवारीतली गर्दी. चित्र चांगलं, आवाज अवघड. संदल (ढोलांचा ताफा) वाजायला लागलं की कॅमेऱ्याचा स्वयंचलित आवाज-नियंत्रक दबतो, दोन ठोक्यांमध्ये मोकळा होतो, आणि गर्दीचा आवाज श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो. जिथे ठोक्याचं टोक सपाट कापलं गेलंय तिथे काही करता येत नाही. तो भाग सहा डेसिबलने खाली आणला, म्हणजे कानाला निदान टोचत नाही. 'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी जिथे स्वच्छ आली आहे तो तुकडा पूर्ण ठेवला, कॅमेरा हलत असला तरी.

स्थिरीकरण वापरलं नाही. इतक्या कमी ठिपक्यांच्या चित्रात कडा कापल्या जातात आणि उरलेलं मऊ होतं. तुकड्यांमध्ये सरळ कट, फिरत्या चौकोनांचे इफेक्ट नाहीत. लग्नाच्या कॅसेटींत ते २००३ सालीच पुरेसे घातलेले आहेत.

हॅलोजनच्या उजेडातली लग्नं पिवळी. पांढरा तोल धोतरावरून धरला, भिंतीवरून नाही. भिंतींना तेव्हा क्रीम रंगच असायचा.

६ जुलै: निर्यात

एच.२६४, सीआरएफ (दर्जाचा आकडा) १८, प्रीसेट 'स्लो', ५० फ्रेम, आवाज एएसी १९२. रंगाचा टॅग ६०१ (जुन्या टीव्ही-चित्राचं मानक) चाच ठेवला. फुल एचडीला मोठं केलं नाही, टीव्ही ते स्वतः करतो. पेनड्राइव्हवर देताना ईएक्स-फॅट, पण घरातला टीव्ही ते वाचतो का हे आधी पाहून.

प्रती: कच्च्या फाइली दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. प्रत्येक फोल्डरमध्ये चेकसमची (फाइल बिघडली का हे दाखवणाऱ्या आकड्यांची) फाइल, दर दिवाळीला तपासणी.

बाकी: एलपीच्या दोन कॅसेटी (मूळ कॅमेरा कामठीला आहे असं कळलं, ॲडॅप्टर हरवलेला, ८.४ व्होल्टचा शोधायचा). बुरशीच्या दोन कॅसेटी फीत साफ करून देणाऱ्याकडे, त्याआधी आपल्या मशीनला लावायच्या नाहीत.